साडेचारशेची बॅग, एकोणीस हजारांचा रिफंड

मी कराडला एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. माझ्या मागच्या भिंतीवर ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असा फलक आहे, आणि तो मीच छापून आणलाय. हे आधीच सांगते. पुढचं वाचताना ‘बँकेच्या कामातली बाई असून?’ असं कुणाच्या तोंडी आलं, तर ते माझं मी शंभरदा म्हणून झालेलं आहे.

मुलाचा पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला. फी, हॉस्टेलचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना यात आम्ही पार रिकामे झालो होतो. लॅपटॉप त्याच्या मामाने स्वतःचा जुना दिला, १५.६ इंची, चांगला वजनदार. राहिली बॅग. बाजारात बऱ्यापैकी बॅग आठशे-हजारच्या खाली नव्हती. तेवढ्यात फेसबुकवर जाहिरात आली : गोदाम खाली करायचंय, नावाजलेल्या कंपनीच्या कॉलेज बॅगा, छापील किंमत २,४९९, आता फक्त ४४९. खाली कौतुकाच्या कमेंटांचा पाऊस. वर कॅश ऑन डिलिव्हरी. माझा समज असा की पैसे वस्तू दारात आल्यावर द्यायचेत, म्हणजे फसायचा प्रश्नच नाही.

कुरिअरवाला पोरगा म्हणाला, “काकू, आधी पैसे. उघडून बघता येत नाही.” बरोबरच होतं त्याचं, तो पोचवणारा. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव वेगळंच होतं, वेबसाइटचं नव्हे. छापील किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता, कुठल्या देशात बनवलं, यातलं आत-बाहेर काहीच नाही. हे मी तेव्हा पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. बॅग दिसायला छान होती हो. काळी, समोर चकचकीत लोगो.

अकराव्या दिवशी मुलगा स्वारगेटला एसटीतून उतरताना उजवा पट्टा मुळातून निसटला. बॅग पायरीवर आपटली, लॅपटॉपची बिजागरी वाकली. दुरुस्ती बावीसशे.

पोरगा शनिवारी घरी आला तेव्हा बॅग घेऊन मी स्टँडाजवळच्या बॅगा शिवणाऱ्या चाचांकडे गेले. त्यांनी ती मोजा उलटा करावा तशी उलटी केली आणि बोटाने दाखवत गेले. “ताई, हे बघा. पट्टा शिलाईच्या आत दीड-दोन इंच जायला पाहिजे आणि त्यावर चौकोनात फुलीची शिलाई पाहिजे. इथं नुसता कडेला चिकटवल्यासारखा आहे, एकच टीप.” लॅपटॉपच्या कप्प्यात फोम म्हणून टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ पॅकिंगचा कागद निघाला, आणि कप्पा थेट तळापर्यंत शिवलेला. म्हणजे बॅग खाली ठेवली की लॅपटॉप सरळ जमिनीवर. चांगल्या बॅगेत तो कप्पा तळापासून बोटभर वर लटकता ठेवतात म्हणे. तळाला पुठ्ठा, तोही पावसाने फुगलेला. चेनचा रनर त्यांनी नखाने दाबला तर तोंड फाकलं. दीडशे रुपयांत पट्टा बसवून देतो म्हणाले, पण कापडच धागा धरणार नाही हेही त्यांनीच सांगितलं.

इथवर माझं नुकसान ४४९ आणि बावीसशे. रडून गप्प बसले असते तर एवढ्यावरच भागलं असतं. पण मला राग आला होता. खरी फसवणूक इथून पुढची आहे.

वेबसाइटवर फोन नंबर नव्हता, नुसता फॉर्म. रिफंडचे नियम वाचायला गेले तर त्यात मध्येच कुठल्या तरी चपलांच्या दुकानाचं नाव! दुसरीकडून उचललेला मजकूर बदलायचाही त्यांनी कंटाळा केला होता. (ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यायलाच हवं, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. मला हे नंतर कळलं.) मग मी गूगलवर त्या साइटचं नाव टाकून पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ लिहिलं. नंबर मिळाला. लावला. लगेच उचलला गेला, इथेच खरं तर शंका यायला हवी होती.

माणूस मराठीत बोलत होता, ‘ताई, ताई’ करत. आवाज आपल्या भागातला वाटला आणि मी सैल झाले. त्याने ऑर्डर नंबर विचारला, रक्कम विचारली, तारीख विचारली. सगळं मीच सांगितलं. पाच मिनिटांनी तेच तो मला ‘सिस्टीममध्ये दिसतंय’ म्हणून वाचून दाखवत होता आणि मला वाटत होतं, बघा, यांच्याकडे सगळी नोंद आहे.

ओटीपी त्याने मागितलाच नाही. पिनही विचारला नाही. उलट म्हणाला, “पिन कुणाला सांगू नका ताई, मलासुद्धा नाही.”

आधी त्याने मला मोबाइलवरच्या पेमेंट ॲपमध्ये एक रुपया पाठवला. आला. मग म्हणाला, “आता त्याच ठिकाणी खालच्या चौकटीत तुमचा फाइल नंबर टाका, ९४६२. म्हणजे रिफंड तयार होईल.”

“इथे पे लिहिलंय.”

“बरोबर. पे म्हणजे आम्ही तुम्हाला पे करणार.”

मी टाकला. पिन टाकला. ९,४६२ रुपये गेले.

दिवसभर लोकांना पैसे मोजून देणारी बाई मी. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो फक्त द्यायला, हे मी काउंटरवर म्हाताऱ्या सभासदांना समजावते. पण त्याने त्या आकड्याला रक्कम म्हटलंच नव्हतं, फाइल नंबर म्हटलं होतं, आणि मला तो फाइल नंबरच दिसत होता. मी ओरडले तर तो माझ्याहून जास्त घाबरल्यासारखा झाला : “अरे बापरे, सर्व्हर अडकला. ताई फोन ठेवू नका, परत टाका, दोन्ही एकदम रिव्हर्स होतील.”

परत टाकले. एकूण १८,९२४.

त्यानंतर मी जे केलं ते पहिल्या चुकीहून वाईट होतं. दोन तास गप्प बसले. घरात कसं सांगायचं याचा विचार करत भांडी घासली. पोराने माझा चेहरा बघून विचारलं तेव्हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावला. त्यांनी व्यवहाराचा बारा अंकी नंबर, खातं, वेळ विचारून तक्रार घेतली, नंतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर पूर्ण माहिती भरली. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळवतात. तक्रार ज्या खात्यात त्यांना गाठते तिथलेच गोठतात. माझे ४,१०० गोठले. तेही अजून हातात नाहीत. बँकेने सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, भरपाई बसत नाही. त्यांचंही खोटं नाही. बॅगेची तक्रार ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर केली. ती साइट तोवर उघडेनाशी झाली होती.

पोराला मग गावातल्याच दुकानातून नऊशेची बॅग घेतली, पक्क्या बिलासह. जाताना लॅपटॉप, चार्जर, भरलेली पाण्याची बाटली, डबा आणि दोन जाड पुस्तकं सोबत नेली. दुकानातच बॅग भरली, एका पट्ट्याला धरून चार-पाच झटके दिले, मग उलटी करून शिलाई पाहिली. रिकाम्या बॅगेची चेन सगळ्यांचीच छान सरकते, भरल्यावर कोपऱ्यात अडते का ते बघितलं. दुकानदार आधी वैतागला, नंतर स्वतःच म्हणाला, “वहिनी, ही नको, ती घ्या, हिचं कापड जाड आहे.” त्याने ‘नको’ म्हटलेली बॅग शंभराने महाग होती, हे विशेष.

मागच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. या वेळी हिंदीत. “मॅडम, आपका सायबर फ्रॉड का केस सेटल हो गया है, अठारा हजार नौ सौ चौबीस. सिर्फ प्रोसेसिंग फी भरनी है.” आकडा रुपयापर्यंत बरोबर होता. मी फोन कापला आणि तो नंबर त्याच तक्रारीत जोडायला पोलीस ठाण्यात देऊन आले.