लाइक-कमेंटचे आकडे: मायक्रोडेटा की जेसन-एलडी?

ठाण्यातल्या तलावांवर मी अधूनमधून लिहितो. मासुंदा तलावाचा लेख जरा जास्तच फिरला आणि मला वाटायला लागलं की हे लाइक-कमेंटचे आकडे सर्च इंजिनलाही नीट समजले पाहिजेत. त्यासाठी स्कीमा डॉट ऑर्ग आहे, म्हणजे पानावरची माहिती सर्च इंजिनला कळावी म्हणून ठरवलेली शब्दावली. त्यातला इंटरॅक्शन-काउंटर घ्यायचा, त्यात लाइक-अॅक्शन की कमेंट-अॅक्शन ते सांगायचं आणि आकडा द्यायचा. (जुन्या ट्युटोरियलमध्ये ‘यूजर-कमेंट्स’ कोलन आकडा अशी स्ट्रिंग दिसते, ती पद्धत बाद झालीये, उचलू नका.)

मी आधी मायक्रोडेटा लावला, म्हणजे ही माहिती पानाच्या एचटीएमएल टॅगमध्येच खुणा घालून सांगायची पद्धत. आकडा पानावर आहेच, त्यालाच आयटमप्रॉप (हा आकडा कशाचा ते सांगणारी खूण) चिकटवा, दोन ठिकाणी सांभाळायची भानगडच नको. ऐरोलीचा माझा एक मित्र अजून असंच करतो आणि त्याचं मस्त चाललंय, पण त्याची साइट इंग्रजी आहे ना! माझ्या पानावर दिसतं ‘४७ जणांना आवडलं’, आणि मायक्रोडेटा त्या स्पॅन टॅगमधलं सगळंच्या सगळं उचलतो, शब्दांसकट. फक्त ४७ ठेवलं तरी उपयोग नाही, स्कीमावाल्यांनी स्पष्ट लिहिलंय की आकडे साध्या इंग्रजी अंकांतच द्या. म्हणजे डेटा टॅग घाला, त्याच्या व्हॅल्यूत इंग्रजी आकडा, बाहेर मराठी, आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ते ‘एकदाच लिहायचं’ गेलं उडत. त्यात थीम (साइटचा तयार साचा) अपडेट झाली की काउंटरचा डिव्ह आयटमस्कोपच्या, म्हणजे लेखाची माहिती जिथे धरली जाते त्या टॅगच्या, बाहेर, आणि ते मला कळलं पंधरा दिवसांनी, सहज व्हॅलिडेटरमध्ये (या खुणा तपासणारं साधन) पान टाकलं तेव्हा. तिथेच डोकं फिरलं.

जेसन-एलडीत हीच माहिती दिसणाऱ्या मजकुरापासून वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहितात, त्यामुळे डेटाबेसमधला आकडा मराठी व्हायच्या आधीच जातो, थीमशी संबंधच नाही. गुगलही शक्यतो हेच वापरा म्हणतं.

अर्थात गुगल लेखांसाठी जी माहिती मागतं त्या यादीत लाइक-कमेंटच्या आकड्यांचं फील्ड नाहीच, नोव्हेंबर २०२३ मध्ये फोरम आणि प्रोफाइल पानांसाठी जी यादी आली तिच्यात आहे. त्यामुळे साध्या लेखाला याने लगेच काही दिसेल अशी आशा ठेवू नका.

थीम स्वतःची असेल आणि आकडे इंग्रजीत दाखवत असाल तर मायक्रोडेटा वाईट नाही, मी नाही म्हणणार नाही. जेसन-एलडीची एक खोड आहेच, कॅशमुळे (पानाची साठवून ठेवलेली प्रत) स्क्रिप्टमधला आकडा शिळा राहतो आणि बाहेरचा काउंटर पुढे पळतो. मी कॅश एका तासावर आणलाय. तेवढ्यात ४७ चे ४९ झाले तर होऊ देत.