बोट चकचकीत, ट्रेलर भंगार: गाडीमागे बोट ओढण्याआधी हे वाचा

१६ फुटी वापरलेली फायबरची बोट, ४० एचपीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या कडेला टांगायचं इंजिन), ट्रेलर, घरच्या सातसीटर गाडीला हिच (ट्रेलर जोडायची मागची जोडणी) बसवून, आणि वर नाशिकला फुकट घरपोच. गंगापूर रोडवरच्या एका कुटुंबाने किनाऱ्याकडच्या विक्रेत्याकडून हे सगळं साडेतीन लाखांना घेतलं. बोट तरंगते, इंजिन दोन झटक्यांत चालू होतं. त्यामुळे बोटीखाली वाकून बघायचं कुणाला सुचलं नाही.

आधी त्या ‘फुकट घरपोच’चं. माल टेम्पोत चढवून आला, ट्रेलरसकट. भाडं विक्रेत्याने भरलं म्हणून सगळे खूश. पण चाकं असलेली वस्तू दुसऱ्याच्या चाकांवर का येते? कारण हा ट्रेलर कसारा घाट चढलाच नसता. तो रस्त्यावर पहिल्यांदा धावला तो खरेदीदाराच्या गाडीमागे, धरणाकडे जाताना, आणि तिसऱ्या स्पीडब्रेकरवर कपलर (ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची वाटी) बॉलवरून (हिचवरच्या गोळ्यावरून) उडाला. सेफ्टी चेन होती म्हणून ट्रेलर समोरून येणाऱ्या दुचाकीवर गेला नाही.

उडाला का? कपलर ५० मिलिमीटरचा, बॉल १ ७/८ इंची, म्हणजे ४७.६ मिलिमीटर. जवळपास अडीच मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. खटका बसतो, पिन जाते, हाताने हलवलं तरी घट्ट वाटतं. व्हर्नियरने मोजा. नसेल तर कपलर लॉक करून ट्रेलरच्या दांड्याखाली जॅक लावा आणि गाडीची मागची बाजू दोन-तीन इंच उचलली जाईपर्यंत वर घ्या. जोड चुकीचा असेल तर इथेच सुटेल, रस्त्यावर नाही.

हिचची तऱ्हा आणखी वाईट. बंपरच्या आतल्या पत्र्याला दोन बोल्ट मारून चौकोनी पाइप लावला होता. हिच गाडीच्या चॅसीच्या मागच्या, लांबीच्या दिशेने जाणाऱ्या चॅनेलना, दोन्ही बाजूंना धरून बसवायची असते. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा मजबुतीचा आकडा हवा. गाडीखाली वाकून बघा, बोल्ट कशात गेलेत ते. आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेतलं टोइंगचं पान आधी वाचा. बऱ्याच घरगुती गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नका असंच लिहिलेलं असतं. ते पान विक्रेता कधीच दाखवत नाही.

आता खरी मेख: वजन. जाहिरातीत ‘वजन फक्त ३५० किलो’. ते नुसत्या फायबरच्या सांगाड्याचं. त्यात इंजिन ७५, बॅटरी २०, टाकी आणि पेट्रोल २०, नांगर-दोर-जॅकेटं ३५, ट्रेलर २२० मिळवा. झाले ७२०. काट्यावर भरले ८६०. उरलेले १४० किलो म्हणजे पाणी. तळाच्या फळीखालचा फोम वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसला होता. लासलगावला कांद्याची ट्रॉली भरलेली एकदा आणि रिकामी एकदा काट्यावर घेतात, तसंच इथे करा: बोटीसकट ट्रेलर गाडीपासून सोडवून काट्यावर, आणि पावती हातात. युरोपीय नियमांत ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. याला ब्रेकच नव्हते. ८६० किलोचा धक्का उतारावर गाडीच्या ब्रेकने एकट्याने थांबवायचा.

सौदा पटवताना विक्रेत्याने ट्रेलरचा दांडा एका हाताने उचलून दाखवला होता. “बघा भाऊ, वहिनीसुद्धा उचलतील!” टाळी मिळवणारी युक्ती, पण जाणकाराला तिथेच घाम फुटावा. दांडा हलका म्हणजे सगळा भार मागे, इंजिनाच्या बाजूला. असा ट्रेलर वेग वाढला की शेपटीसारखा डुलायला लागतो आणि गाडीची मागची चाकं सोबत ओढतो. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार बॉलवर हवा, ८६० किलोला ६० ते ८६. ट्रेलर सपाट ठेवा, कपलरखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा. कमी भरलं तर विंचचा (बोट दोरीने ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब पुढे घेऊन बोट पुढे सरकवायची. त्यानंतर गाडीची मागची बाजू किती बसते तेही बघा.

काळा रंग ताजा असेल तर शंका घ्या. समुद्राकडचा ट्रेलर आतून, पाइपाच्या पोटातून गंजतो. पान्याने ठोका, धड लोखंड ‘टण्ण’ वाजतं, गंजलेलं ‘थप’. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. घरघर आली तर हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) उघडायला लावा. ग्रीस दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. गरम हब थेट पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते, म्हणून काठावर पोहोचल्यावर अर्धा तास थांबून मग उतरवायचा. टायरवर चार आकडे असतात, ‘२३११’ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी कडेला चिरा पडलेल्या असतात.

कागदांत फक्त नोटरीचा विक्री करार. विक्रेत्याचं म्हणणं, “ट्रॉलीला कोण विचारतं?” मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हे वाहनच आहे; नोंदणी आणि विमा दोन्ही लागतं. चेसिस नंबर कोरलेला नसेल तर पैसे देऊ नका. बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो, इंजिन असलं की नोंदणी आणि तपासणी आलीच. आणि गंगापूर धरणावर बोट क्लब आहे म्हणून आपणही बोट सोडू, हा समज विक्रेत्यानेच पेरला होता. ते पाणी शहर पितं. जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय खासगी इंजिनाची बोट तिथे उतरत नाही.

फोनवरच एक प्रश्न विचारा: “बोट ट्रेलरवरच, रस्त्याने ओढत आणून द्याल का? ओढणाऱ्या गाडीचं भाडं आम्ही वेगळं देऊ, पण ट्रेलर चाकांवर यायला हवा.” या कुटुंबाने हा प्रश्न उशिरा, व्यवहार झाल्यावर विचारला. पलीकडून उत्तर आलं, “घाटात नको साहेब, उगाच रिस्क.”