साडेआठशेच्या किटमधलं एक घड्याळ

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या वर्गाला काय हवंय?" मी म्हटलं, "आणखी एक मावशी." मिळालं ते मुलांना वळण लावायचं हे किट.

मी साताऱ्यात एका बालवाडीत छोटा गट सांभाळते, यंदा चौदावं वर्ष. २६ मुलं, मी आणि एक मावशी. तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस असावं, असं केंद्र सरकारचं २०१३ चं बालशिक्षण धोरण सांगतं. म्हणजे कागदावर आम्ही पास. पण मावशींचा अर्धा वेळ मुलांना 'शू'ला नेण्यात जातो, त्यामुळे हे गणित साडेनऊलाच मोडतं.

किट ऑनलाइन मागवलेलं, ८४९ रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी किटं ढिगाने मिळतात आणि सगळ्यांच्या खोक्यात साधारण हेच असतं: हिरवा-पिवळा-लाल असा भिंतीवर टांगायचा कापडी तक्ता, नावं लिहायला ३० लाकडी चिमटे, चांदण्यांचे स्टिकर, एक हातघंटा आणि वाळूची तीन घड्याळं, एक, तीन आणि पाच मिनिटांची. नीट वागलं की चिमटा हिरव्यावर, दंगा केला की खाली पिवळ्यावर, फारच झालं की लाल.

तक्ता आमच्याकडे नऊ दिवस टिकला.

तिसऱ्या दिवशी मी एकाचं नाक पुसत होते. वळून बघते तर सव्वीसच्या सव्वीस चिमटे लालवर. खुर्चीवर उभा आमचा पिंटू (खरं नाव वेगळं आहे).

"पिंटू, हे काय केलंस?"

"सगळ्यांना लाल दिला, ताई. तुमचा चिमटा कुठाय?"

त्याची बॅट लाल, डबा लाल, चपला लाल. इतका चांगला रंग एकट्यानेच का घ्यावा, असा त्याचा सरळ हिशोब. मला ट्रेनिंगमध्ये ऐकलेली, इटलीतल्या बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंची गोष्ट आठवली. १९०७ मध्ये त्यांनी रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. एकदा त्यांना वर्गाच्या मधोमध खुर्चीत एक मुलगा छातीवर पदक लावून रुबाबात बसलेला दिसला. चौकशी केली तर त्याला म्हणे शिक्षा म्हणून तिथे बसवलं होतं. पदक दुसऱ्याचं, पण त्या दुसऱ्याला काम करताना ते मध्ये येत होतं, म्हणून त्याने याला देऊन टाकलं! शंभर वर्षं उलटून गेली आणि आम्ही ८४९ रुपये देऊन तेच पुन्हा शिकलो.

इथवर गंमत होती. मग एका मुलीच्या हातून पाणी सांडलं आणि मावशींनी, अगदी चांगल्या मनाने, तिचा चिमटा पिवळ्यावर आणला. मुलगी मुळात अबोल. दुसऱ्या दिवशी दारातच आईची ओढणी धरून उभी, आत येईना. मी खाली बसले तर कानात विचारते, "आज पण मी पिवळी आहे?" पाणी सांडलं असं नाही, मी पिवळी! त्यात फाटकाशी आजोबा लोक उभे, "आमचा कुठल्या रंगात?" करत. त्या शुक्रवारी मी तक्ता खाली उतरवला. शून्य तारे.

स्टिकरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. निम्मे माझ्या टेबलाखाली चिकटलेत. घंटा पहिल्या तासातच मुलांच्या हाती गेली. तिच्यापेक्षा दोन सावकाश आणि तीन भरभर अशा पाच टाळ्या वाजवल्या की मुलं त्याच तालात उत्तर देतात, आणि टाळ्या वाजवताना एकमेकांना चिमटे काढता येत नाहीत.

आता तीन मिनिटांचं घड्याळ. यासाठीच हे लिहायला बसले.

आमच्या व्हरांड्यात तीनचाकी एकच. तिच्यापायी रोज रडारड. "ताई, माझा नंबर कधी?" "थांब, पाच मिनिटांनी." साडेतीन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं आणि दिवाळी यांत काहीही फरक नसतो, हे कळत असूनही मी तेच सांगत आले. वाळू मात्र त्याला दिसते. वरची कमी होतेय, खाली डोंगर होतोय, संपली की माझा नंबर. पहिले दोन दिवस उतरवताना रडणं झालंच. तिसऱ्या दिवशी सायकलवरचा स्वतःच ओरडला, "संपली!" आणि उतरला. मुख्य म्हणजे न्यायाधीश मी उरले नाही. वाळूशी कोण भांडणार?

एक मुलगा तर हनुवटी फरशीला टेकवून, पोटावर पडून वाळूच बघत बसला. त्याचा नंबर आला, गेला, त्याला पत्ता नाही.

दोषही सांगते. मोबाइलवर लावून पाहिलं, तीन मिनिटांचं घड्याळ २ मिनिटं ३८ सेकंदांत संपतं. मुलांची काही तक्रार नाही. वाळू मधेच मानेत अडकते, टिचकी मारावी लागते. पाच मिनिटांचं या वयाला फार लांब, ते कपाटात आहे. एक मिनिटाचं हात धुताना छान चालायचं, पण दुसऱ्या आठवड्यात पडलं आणि फुटलं. तेव्हा कळलं, बाहेरून प्लॅस्टिक असलं तरी आतली नळी काचेची आहे. खोक्यावर 'वय ३+' ठळक, काचेचा उल्लेख कुठेच नाही. निळी वाळू आणि काचा वेचताना मावशी जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही. कंपनीला कळवलं; 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' एवढंच उत्तर आलं. आता घड्याळ खिडकीच्या कट्ट्यावर असतं आणि उलटं मी करते.

आणखी एक. आमच्यातला एक जण चावायचा. त्याच्यासाठी तक्ता, चांदण्या, घड्याळ, काहीही लागू पडलं नाही. आठवडाभर वहीत वेळा लिहिल्या, तर दर वेळी पावणेअकराच्या आसपास. डबा अकराला! घरून तो नुसत्या दुधावर यायचा. साडेदहाला राजगिऱ्याचा लाडू द्यायला लागले, तेव्हापासून महिन्यात एकदाच चावलाय, आणि त्या दिवशी लाडू संपले होते.

तर अख्खं किट घेऊ नका. तीन मिनिटांचं घड्याळ सुटं मिळतं, न फुटणारं आहे का एवढं विचारून घ्या. चिमटे मात्र खरंच चांगले निघाले, पक्के आणि बोट न चिमटणारे. व्हरांड्यात दोरी बांधून त्यांनी ओली चित्रं वाळत घालतो, ज्याच्या नावाचा चिमटा त्याचं चित्र. पिंटूने त्याचा चिमटा खडूने लाल करून घेतलाय.