जुन्या बोट-इंजिनाला ठिणगी: सीबी पॉइंट ठेवावेत की सीडीआय बसवावा?

दिवाळे कोळीवाड्यातील एका स्नेह्याकडे १९७० च्या सुमाराचे दोन सिलिंडरचे लहान जॉन्सन इंजिन आहे आणि त्याची ठिणगी मूळ पद्धतीनेच, म्हणजे सीबी पॉइंट (उघडझाप करून वीजप्रवाह तोडणारे धातूचे संपर्क) ठेवून दुरुस्त करावी की नंतरच्या इंजिनाचा सीडीआय संच (पॉइंटशिवाय, कपॅसिटरमधली वीज सोडून ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक पद्धत) चढवावा, हा त्यांचा प्रश्न आहे.

सुटे भाग जुळण्याच्या बाबतीत जुनी पद्धत निर्विवाद सरस आहे. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही एकाच कंपनीची उत्पादने होती, त्यामुळे त्या काळातील बहुतेक लहान इंजिनांचे पॉइंट, कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा भाग) व कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारे वेटोळे) एकमेकांत चालतात. सीडीआयमध्ये मात्र फ्लायव्हील (चुंबक असलेले जड चाक), स्टेटर (त्याखालची वीज तयार करणारी वेटोळी), पॉवरपॅक (ठिणगीची वेळ साधणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) आणि कॉइल हा सारा संच एकत्रच बदलावा लागतो, शिवाय फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) नीट बसले पाहिजे. साहजिकच खर्चही वाढतो.

टिकाऊपणात सीडीआय पुढे आहे, कारण खाडीच्या खाऱ्या हवेत पॉइंटवर थर चढतो आणि ०.५ मिलिमीटरची फट पुन्हा पुन्हा तपासावी लागते. परंतु पॉइंट धक्क्यावरच घासून साफ करता येतात. पॉवरपॅक बिघडला तर तो बदलण्यावाचून मार्ग नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

ज्यांना स्वतः दुरुस्ती करता येते त्यांनी पॉइंटच ठेवावेत. रोज पहाटे बोट काढणाऱ्यांना, पूर्ण संच एकाच इंजिनातून मिळत असेल तरच, सीडीआय सोयीचा.