दुर्बिणीचा सहा इंची आरसा घासायचा किट: सांगलीत काही महिने वापरल्यानंतर

किटमध्ये ६ इंची काचेच्या दोन चकत्या (एकीचा आरसा होतो, दुसरी तो घासायचं टूल), ८० पासून ६०० नंबरपर्यंत घासायची कार्बोरंडम पावडर (नंबर मोठा तितकी बारीक), पिच (पॉलिशसाठी लागणारा डांबरासारखा पदार्थ) आणि पॉलिशची पावडर म्हणजे सेरियम ऑक्साइड येतं. काच आणि पावडर उत्तम. पिचवर मात्र माझा राग आहे.

४८ इंच फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) धरली तर आरशाची मधली खोली जेमतेम १.२ मिलिमीटर लागते. ८० नंबरनं ती येते; स्टीलची पट्टी आडवी ठेवून मधोमध तेवढ्या जाडीचं ड्रिल बिट सरकवून बघायचं. पण खोली आली म्हणजे आरसा आणि टूल सगळीकडे टेकले असं नाही, आणि माहितीपत्रकात यावर जेमतेम एक ओळ आहे.

मी प्रत्येक नंबर संपवताना पेन्सिल वापरतो. आरसा धुऊन पुसून कोरडा करायचा, घासलेल्या बाजूवर कडेपासून कडेपर्यंत रेघांची जाळी आखायची, ताजी पावडर-पाणी घेऊन थोडेच हात मारायचे आणि उचलून बघायचं. रेघा सगळीकडे सारख्या पुसट झाल्या तर पुढच्या नंबरला जा. कडेच्या गेल्या आणि मधल्या ठसठशीत राहिल्या तर मध्ये फट आहे: टूल वर घ्या, धाव, म्हणजे मागेपुढे सरकवणं, व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच ठेवा. कडेच्या राहिल्या तर आरसा वर. बारीक पावडरीत ओल्या काचेतून मधोमध अडकलेला बुडबुडाही दिसतो, पण माझा भरवसा रेघांवर. ही पायरी टाळली की खड्डे पुढच्या नंबरात तसेच राहतात आणि पॉलिशला बसल्यावर दिसतात.

आता पिच. एप्रिलमध्ये इथल्या उन्हात ते एवढं मऊ पडलं की लॅपचे (टूलवर ओतलेल्या पिचच्या थराचे) चौकोन दबून मधल्या खाचाच बुजल्या. विक्रेत्याचं उत्तर: थंड खोलीत काम करा. सांगलीत, एप्रिलमध्ये! शेवटी सोल्डरिंगवाल्यांकडची राळ वितळवून थोडी मिसळली, तेव्हा कडक झालं. वितळवताना उघड्या ज्वाळेवर ठेवू नका, पेटतं. पॉलिश पहाटेच उरकायचं.

आरशाचा आकार तपासायची फुकोची चाचणी (१८५८ सालची, अजून तिला तोड नाही) किटमध्ये नाही. एलईडी आणि दाढीच्या ब्लेडवर भागतं, फक्त आरशापासून ८ फूट मोकळी जागा हवी. आमच्याकडे घराचा बोळ कामी आला.

किट घ्या, पिच वेगळं मागवा. शिवाय अॅल्युमिनियमचा लेप निर्वात यंत्रात चढवावा लागतो, तो खर्च किटच्या किमतीत धरलेला नाही.