किंगपिन घरी बदलायचा की कळंबोलीला?

तुर्भ्याचा एक ट्रकवाला भाऊ अडलाय: जुन्या गाडीचा किंगपिन (पुढचं चाक ज्याच्याभोवती वळतं तो उभा पिन) स्वतः बदलू की कळंबोलीच्या गॅरेजला देऊ? खर्चात घरचं काम स्वस्त, मजुरी वाचते. मेहनत मात्र जीव काढणारी. गंजलेला पिन बहुतेकदा घणाने हलत नाही, दाबून काढणारा प्रेसच लागतो. टिकणं सगळं बुशवर, म्हणजे पिनभोवती बसणाऱ्या नळीवर. नवा बुश ठोकल्यावर रीमरने (भोक नेमक्या मापाला कापणारं हत्यार) नेमका साफ केला नाही तर पिन आवळतो, स्टिअरिंग जड होतं. जास्त कापला तर चाक पुन्हा खेळतं. ग्रीस लावलेला पिन हाताने मऊ फिरायला हवा.

म्हणून रीमर आणि प्रेस नसेल तर किंगपिन कळंबोलीच्या गॅरेजलाच द्या. शॅकलचे (स्प्रिंगपाट्यांचं टोक चॅसीला जोडणारा दुवा) बुश, यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे), ग्रीसिंग घरी करा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, अ‍ॅक्सलखाली घोडी (पक्का स्टँड) लावाच.