१३ फुटी ट्रेलर: पाच महिने राहून झाल्यावर

घ्यायचा की नको असं ओळखीतले बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर; आमचा फायबरग्लासचा, सेकंडहँड, आणि १३ फूट म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या दांडीसकट बरं का, आत राहायची जागा १० फूटच. आम्ही दोघं (हे ६६, मी ६३) नोव्हेंबर ते मार्च त्यात राहिलो, अमेरिकेत ॲरिझोनात, क्वार्ट्झसाइट गावाजवळ ला पोसा नावाच्या तळावर. तिथली जमीन बीएलएमची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या जमीन खात्याची, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अख्ख्या सीझनचं परमिट आम्हाला १८० डॉलरला पडलं. वीज नाही, नळ दारात नाही, पाणी भरायची आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची सोय एका ठिकाणी, बाकी नुसतं वाळवंट.

पाण्याचं आधी सांगते कारण मला तीच काळजी होती. टाकी १२ गॅलनची, म्हणजे ४५ लिटर. दोघांना पाच दिवस आरामात पुरली! मी बीड जिल्ह्यातली, ७२ च्या दुष्काळात १० वर्षांची होते, आईबरोबर टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिलेय, तांब्याभर पाण्यात भांडी कशी विसळायची हे हाताला माहितीच होतं, फक्त इतकी वर्षं अमेरिकेत नळ सोडून ठेवायची सवय लागली होती ती आठवड्यात गेली. आंघोळ बादली-तांब्यानेच. आईची फार आठवण यायची तेव्हा, पण चांगली आठवण.

स्वयंपाकाला दोन बर्नर, प्रोपेनवर. तीन लिटरचा कुकर बसतो, खिचडी, वरणभात, पिठलं सगळं होतं. फोडणी मात्र दार आणि वरचा व्हेंट (छतातली हवेची झडप) उघडूनच करा, नाहीतर स्मोक अलार्म वाजलाच म्हणून समजा, आणि कुकरची वाफ रात्री काचांवर जमून गादीवर टपकते.

आता जागा. टेबल खाली केलं की पलंग, सकाळी गाद्या उचलल्या की परत टेबल, रोज. एकाने उठायचं तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. "अहो, सरका जरा", "तू सरक की", दिवसातून शंभर वेळा. पहिल्या आठवड्यात मला रडू आलं, खरं सांगते. आमच्या घरी चार बेडरूम, मुलं गेल्यापासून हे वर टीव्हीपुढे, मी खाली फोनवर, जेवायला बोलवायचं तर मेसेज करायचा. इथे सरकता सरकता बोलणं सुरू झालं. पहाटे थंडी असायची, हे पांघरुणातूनच हात लांब करून चहाचं आधण ठेवायचे, उठावंच लागायचं नाही, आणि दाराच्या काचेतून क्वेल पक्ष्यांची रांग जाताना दिसायची. इतकी सुखात मी कित्येक वर्षांत नव्हते.

त्रास पण लिहिते. विकणाऱ्याने व्हेंट गळतो हे सांगितलंच नाही, जानेवारीत एका रात्री पाऊस आला आणि अंथरूण भिजलं, दुसऱ्या दिवशी ह्यांनी जुनं सील खरवडून ब्यूटिल टेप (गळती बंद करायची चिकट रबरी पट्टी) लावली, तेव्हापासून ठीक आहे. १०० वॉटचं सोलर पॅनल कमी पडतं, हीटर प्रोपेनचा असला तरी त्याचा पंखा रात्रभर बॅटरी खातो, २०० वॉट तरी घ्याच. सामान भरताना वजन पुढे ठेवा, मागे जड झालं की हायवेवर ट्रेलर झुलायला लागतो, आम्ही एकदा अनुभवलंय, हातपाय गार पडले होते. गुडघे दुखत असतील किंवा रात्री सारखं उठावं लागत असेल तर १३ नको, १६ फुटी बघा, त्यात पलंग कायमचा ठेवता येतो.

मार्चमध्ये घरी परत आलो, पहिल्याच रात्री हे वरून हाक मारत होते आणि मला खाली ऐकूच आलं नाही. आता वरची टीव्हीची खोली बंद केलीये, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत दोघं खालीच बसतो. टेप दोन सीझन टिकते का कुणाला माहिती असेल तर सांगा.